मेल्या घुशीचा वास

तेल तापलं की गीताबाईंच्या चुलीपाशी घूस मरे. रोज मरे, दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला मरे, आणि तिचा वास फक्त गीताबाईंनाच येई.

ही घूस आली ती तापाच्या पाठोपाठ. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील, त्या हिवाळ्यात अमडापुरात पडशाच्या तापाची अशी साथ आली की घराघरात माणसं लाकडासारखी आडवी पडली. गीताबाईही पडल्या. ताप गेला, खोकला गेला, जाताना नाक घेऊन गेला. सुरुवातीला कशाचाच वास येईना, भाकर तोंडात घातली तर नुसता चोथा. गीताबाई म्हणाल्या, जाऊ द्या, येईल परत. आलंही. पण परत आलं ते त्यांचं नाक नव्हतंच. दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि तेही उकिरड्यावर राहणाऱ्याचं.

कोथिंबीर चिरली की ढेकूण चिरडल्याचा वास येई. चहातून भिजून कुजलेलं पोतं. दूध तापलं की मोरी तुंबल्यासारखी. साबण तर असा घाण वाटे की त्या नुसत्या पाण्यानं आंघोळ करत, आणि मग स्वतःच्याच घामाची त्यांना ओकारी येई. नवरा, इंद्रभान, शेतातून येऊन शेजारी टेकला की त्या नाकाला पदर लावून सरकत. तो बिचारा स्वतःच्या काखेत नाक खुपसून पाही.

"अवं, काऊन सरकून राह्यली? मी काय गटारात लोळून आलो?"

"तुमचं नाई हो. माझं नाकच सडलं."

"नाक त जाग्यावर हाय."

दवाखान्यातल्या कंपाउंडरनंही बॅटरीचा उजेड मारून तेच सांगितलं. नाक साफ आहे, भूक लागेल तसं खात जा. भूक लागे, तीच तर पंचाईत. पोटात आग पडलेली असे आणि ताट समोर आलं की आतडी वर येत. त्यातल्या त्यात चिंच चाले. चिंचेतून घूस येत नसे. म्हणून गीताबाई पदराच्या गाठीला चिंच बांधून हिंडत आणि मळमळलं की तिचं एक बुटुक मोडून तोंडात टाकत.

आता बाई चाळिशी ओलांडलेली, लेक सासरी पोटुशी, आणि ही फोडणीच्या वासानं अंगणात येऊन ओकते अन् चिंच चघळते. भिंतीपलीकडच्या अंबूबाईंना आणखी काय पाहिजे?

"गीते, खरं सांगजो. दिवस गेले ना वं?"

"मले? आता? काईतरीच काय! ताप आल्यापासून पाळी नाई आली, पन ते वयाचं असन."

हे सांगायला नको होतं. दिवस मावळायच्या आत ते विहिरीवरच्या सगळ्या बायांना माहीत झालं. बाजाराच्या दिवशी इंद्रभान दाढी करून आला आणि चिंचेचा पुडा पुढं सरकवून, जमिनीकडे बघत म्हणाला, "देवानं देल्लं त आपुन नाई कसं म्हनाव?"

गीताबाईंनी एक बुटुक नेम धरून त्याला मारलं. बाकीची चिंच ठेवून घेतली.

हसण्यावारी गेलं असतं. पण बातमी येष्टीत बसून मेहकरला गेली.

मेहकरला त्यांची एकुलती एक लेक कोकिळा दिली होती. तिला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गीताबाईंनी तापातून उठल्या उठल्या डिंक निवडून ठेवला होता. मेहकरहून आलेल्या सोयऱ्याच्या तोंडी विहीणबाईंचा निरोप आला, की एका घरात दोन बाळंतिणी आम्ही बसू देत नसतो, कोकिळेचं इकडंच होईल. सोयऱ्यानं मग इकडं तिकडं पाहून पोरीचा निरोप हळूच दिला: "मायले म्हना, मले घेऊन जाय. सासूबाई दिवाळीपासून माझ्या हातचं सारंच अळणी म्हन्तात, भरल्या ताटावरून उठून जातात. इथं बाळंत होयाचं म्हटलं त मले धडकी भरते."

गीताबाईंनी डिंकाच्या डब्याकडे पाहिलं. मग सोयऱ्याला म्हणाल्या, "ईनबाईंना सांगा, एकदा जेवायले या. सोता पाहून घ्या."

डोहाळे लागलेल्या बाईला तळणासमोर बसवत नाही आणि भरलं ताट संपवत नाही, हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. गीताबाईंना दोन्ही करून दाखवायचं होतं, तेही हसतमुखानं.

विहीणबाई, कौशल्याबाई, एकट्याच येष्टीनं आल्या, कुणालाही सोबत न घेता, यातच त्यांचा स्वभाव आला. उंच, करकरीत बाई. चुलीसमोरच पाट घेऊन बसल्या, अगदी गीताबाईंचं तोंड दिसेल अशा. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा भपकारा आला आणि एका घुशीच्या दोन झाल्या.

पुरण शिजत होतं, सार उकळत होतं. पहिला नैवेद्य देवाचा, म्हणून चाखून पाहायची सोय नाही. एरवी गीताबाई उकळीच्या वाफेत नाक धरून साराचं मीठ ठरवत, आणि ते आजवर कधी चुकलं नव्हतं. सवयीनं त्यांनी आजही नाक पुढं केलं. वास थेट कपाळात गेला. तोंड फिरवून डोळे पुसले, अंदाजानं मीठ टाकलं. थोड्या वेळानं आठवेना, टाकलं की टाकायचं राहिलं. पुन्हा टाकलं. मग भज्यांची कढई चढवली आणि तोंडानं श्वास घेत घेत तळायला बसल्या.

"ईनबाई, तोंड उघडं ठेवून काऊन तळता?"

"हासून राह्यली ना. तुमी आल्या म्हनून."

नैवेद्य झाला. इंद्रभान शेतात जेवतो म्हणून सटकला होता. तीन ताटं वाढली. तिसरं अंबूबाईंचं, त्या बोलावल्याशिवायच हातभार लावायला आल्या होत्या.

गीताबाईंनी पहिला घास घेतला. पुरण जिभेवर पसरलं, गरम, मऊ, कुजकं. दाताखाली आता काहीतरी केसाळ येणार असं वाटलं, म्हणून त्यांनी न चावताच गिळलं. दुसरा घास. पोटातलं वर येऊन घशाशी थांबलं, त्याला तिसऱ्या घासानं खाली लोटलं. तूप ओठांना चिकटलं होतं आणि नाकाच्या इतकं जवळ होतं की पुसावं तर हातालाही तोच वास. डोळ्यांपुढं कोकीचा चेहरा धरून त्यांनी अर्धी पोळी संपवली.

"चांगलं झालं पुरन," त्या म्हणाल्या आणि लगेच तोंड मिटलं. पुढच्या शब्दाबरोबर दुसरंही काही आलं असतं.

कौशल्याबाईंची नजर त्यांच्या तोंडावरून हलत नव्हती. पाहता पाहता साराची वाटी त्यांनी सगळी पिऊन टाकली आणि रिकामी वाटी पुढं केली.

"घ्या, अजून वाढा. जरा अळणी हाय, पन चाल्ते."

नेमकी तेव्हाच अंबूबाईंनी आपली वाटी तोंडाला लावली. लावली आणि फेकल्यासारखी खाली ठेवली, मोरीकडे धावल्या.

"बापा बापा! सार केलं का मीठ उकळलं वं, गीते? जीभ सोलून निघाली माही!"

कौशल्याबाईंचा हात वाटीसकट तसाच राहिला. गीताबाईंनी त्या वाटीत पाहिलं. तळाला थेंब नव्हता. आणि त्यांना सोयऱ्याचा निरोप आठवला. सारंच अळणी.

"अंबूबाई, तुमच्या घरून दही आना," त्या म्हणाल्या. "इरजन लागलं नसन त लागेलोक थांबा."

अंबूबाई गेल्या.

"तुमाले बी चव नाई?" गीताबाईंनी विचारलं. "तापानंतर?"

विहीणबाईंनी वाटी खाली ठेवली. इतका वेळ ताठ बसलेली बाई पाटावर एकदम बारीक दिसायला लागली.

"कोनाले सांगू नका. माझ्या घरात मीठ मी ठरवते, जन्मभर ठरवलं. कोकीची भाजी मातीवानी लागे. मले वाटे, पोरगी मुद्दाम करते. मंग एक दिवस पाव्हन्यायची तोंडं पाह्यली आन् समजलं, खारट झाली होती, माझ्याच सांगन्यानं. पन तवालोक इतक्या खेपा ताटावरून उठली होती... आता कोन्या तोंडानं सांगू?"

आता बोलायची पाळी गीताबाईंची होती. पोरीच्या रडण्याचा हिशेब मागायचा, तर हीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि मघापासून घशाशी थांबलेलं सगळं वर आलं. जेमतेम मोरी गाठली. पुरण, पोळी, सगळं गेलं. ओकारीचा वास बाकी सगळ्यापेक्षा बरा होता. निदान तो जसा असायला पाहिजे तसा होता.

कपाळाला कुणाचा तरी हात लागला. कौशल्याबाई मागं उभ्या राहून डोकं धरत होत्या.

"दिवस नाईत हो मले," गीताबाई धापा टाकत म्हणाल्या. "मले सगळं सडकं लागते. घूस मेल्यावानी. तुमच्या डोक्याचं तेल बी. राग मानू नका."

"तेल बी?" कौशल्याबाईंनी स्वतःच्या केसांना हात लावला. "मले त लावलं का नाई तेच समजत नाई. दोनदा लावून घेते." मग हळूच म्हणाल्या, "तुमाले काईतरी येते तरी."

"घ्या मंग माझं नाक. घेऊन जा मेहकरले."

दोघी मोरीपाशीच हसत बसल्या. चूळ भरून झाल्यावर गीताबाईंनी विचारलं, "खरं वाटते ना माझं?"

"वाटीभर मीठ पिऊन मी अळणी म्हनलं. तुमाले खोटं म्हनायले माझ्यापाशी जीभ कुठी हाय? कोकीले पाठवते मी, याच हप्त्यात. तिले काय सांगाव ते माझं मी पाहीन." "पन एक करजा. लेकरू झालं का हुंगजा. माझ्याच्यानं नाई होनार. कसा वास येते ते मले खरं सांगजा."

"घुशीचा आला त?"

"त घुशीचा सांगजा."

दही घेऊन आलेल्या अंबूबाईंना मोरीतली ओकारी दिसली, आणि एवढं होऊनही पोरगी माहेरी येणार हे कळल्यावर त्यांचं काहीच जुळेना. इंद्रभानलाही खरं सांगून टाकलं. तो बरं म्हणाला. दाढी करणं मात्र त्यानं सोडलं नाही.

होळी झाल्यावर कोकिळेला मुलगा झाला. कौशल्याबाई बघायला आल्या तेव्हा खोलीत शेपा-ओव्याची धुरी कोंडली होती आणि गीताबाई नाकातोंडाला फडकं बांधून वावरत होत्या. बाळाला त्या न्हाऊ घालत, पण श्वास रोखून. हुंगायचं धाडस झालं नव्हतं.

विहीणबाईंनी बाळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

गीताबाईंनी फडकं सोडलं. नातवाला उचललं, टाळूवर नाक टेकवलं आणि श्वास आत ओढला. पोटातलं हललं. तरी नाक काढलं नाही, पुन्हा ओढला.

"घूसच हाय," त्या म्हणाल्या. "पन मेलेली नाई वाटत, ईनबाई. जिती हाय."

"जिती?" कौशल्याबाई पुढं सरकल्या. "जिती म्हंजे कशी? नीट सांगा ना."

"अवं, काय बोलून राह्यल्या तुमी दोघी माझ्या लेकराले?" कोकिळा बाजेवरून ओरडली.

"थांब वं," सासूबाई म्हणाल्या. "हुंगू दे तुझ्या मायले."