कोसमनाल्याचा उतार

“‘पानी’ लिहाले तुह्या बोटायले काय झालं होतं बे? ‘नाला आहे, पानी पाहा’, एवढं लिहिलं असतं तं तो मानूस आज धड असता!”

विक्की गॅरेजच्या दारातूनच वरडला. चंद्रपूरच्या दवाखान्यातनं तो सरळ अहेरीले आला होता, डोळे लालभडक.

“लिहिलं ना!” अल्ताफनं हातातला पाना फरशीवर आपटला. “‘उतार’ लिहिलं. ठळक लिहिलं. वाचता येत नाई तं जंगलात कायले येते?”

“नववीतनं पळालेला तू, अन् तू लोकायले वाचाले शिकवते?”

अल्ताफचं टकुरं तापलं. सतरा वर्षांचं पोट्टं, पन शाळेचं नाव काढलं का त्याच्या अंगात भूत शिरे. त्याचा बाप अयूबभाई मधात आला म्हनून, नाई तं दुसरा पाना विक्कीच्या अंगावरच गेला असता.

झालं असं होतं. विक्की मोहर्लीचा, जंगलसफारीवाला. वाघ पाहून झाला का पुन्या-मुंबईच्या बुलेटवाल्यायले आनखी दोन दिवस जंगल पाहिजे असे, अन् तेई डांबराबाहेरचं. मोठ्या रस्त्यावर ट्रकायची लाल धूळ, तिथी काय पाहतीन? आडवाटा विक्कीले माहीत नव्हत्या, अल्ताफले होत्या. आलापल्लीच्या खालचं जंगल त्यानं बापाच्या जुन्या गाडीवर पालथं घातलं होतं. कोन्त्या वळनावर साग सरते अन् नदी दिसते, काळ्या खडकाच्या चिरनीत, त्या अरुंद फटीत, ऊन किती वाजता पडते, चहा कुठी भेटते, सारं त्याच्या डोळ्यात होतं. शाळेत त्याची वही कोरी राहे. विक्कीच्या गिऱ्हाइकायसाठी हा रस्त्याचा कागद मात्र त्यानं सात खेप लिहिला. कोनी सांगितलं नव्हतं, तरी.

अन् त्या कागदावर सत्तेचाळिसाव्या किलोमीटरपाशी लिहिलं होतं: ‘कोसम. उतार.’

आता आपल्याकडं उतार म्हंजे काय, हे शेळ्या चारनाऱ्या पोट्ट्यालेई ठाऊक. नाल्यातनं पाय टेकत जिथून पलीकडं जाता येते, ती जागा. पहिल्या टोळीतल्या पुन्याच्या दाढीवाल्यानं मात्र घाटातला उतार समजला. समोर रस्ता खाली जाऊन राह्यला, मजा आहे. त्यानं मोबाईल हँडलले लावला, व्हिडिओ चालू केला, गाडी न्यूट्रल केली अन् देली सोडून. बांबूच्या वळनाआड नाला होता. वरच्या डोंगरात दोन दिवस पाऊस, पानी सीटच्या वर. मासे धरनाऱ्या पोचू नावाच्या गड्यानं शंभर पावलं खाली, खडकाले अडकलेल्या त्या मानसाले शर्टाले धरून काढलं. ते काल दुपारी. अजून त्यानं डोळे उघडले नव्हते.

“त्याची बायको फोनवर मले विचारते,” विक्की म्हनला, “‘उतार म्हणजे स्लोपच ना हो?’ काय सांगू मी तिले?”

“तुमी बी वाचला होता ना कागद, विक्कीभाऊ? तवा काऊन नाई बोलले?”

विक्की खाली पाहून म्हनला, “उतार म्हनलं का मले नालाच दिसते बे.”

अल्ताफ अन् विक्की, दोघायनंई बरोबर वाचलं होतं. म्हनूनच चूक कोनाले दिसली नाई.

अल्ताफ टायरच्या ढिगावर बसला. भांडाले आता काई उरलंच नव्हतं. परवा त्या दाढीवाल्यानं त्याच्या ऑइल लागलेल्या हातात हात देला होता. “रूट भारी काढलास रे,” म्हनला होता. तो हात कुठी ठेवावा, हे अल्ताफले कळेना.

“अन् आजची दुसरी टोळी?” अयूबभाईनं विचारलं. “ते कोन्त्या कागदावर चालून राह्यले?”

विक्कीनं खिशातनं फोन काढला. “तोच. फोटो आहे त्यायच्या मोबाईलात. पन मी दवाखान्यातनं मेसेज टाकला ना जी त्यायले.”

“काय टाकलं?”

“‘पुढे उतारावर सांभाळून जा.’”

विक्कीच्या तोंडचं पानी पळालं. त्यानं घाईघाईनं फोन लावला, परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आलापल्लीच्या पुढं दहा किलोमीटर गेलं का फोन म्हंजे दगड.

“सहाले निघाले,” तो म्हनला. “पाच गाड्या. एकीवर बाई आहे मांगं बसून. आता तं पानी ओसरलं असन ना?”

“कोसमनाला दोन दिवस ओसरत नसते.”

साडेसात वाजले होते. अल्ताफच्या डोळ्यासमोर सारा कागद उभा राह्यला. चहाचं गाव, बावीस किलोमीटर. चिरनी, पस्तीस, तिथी ‘अर्धा घंटा थांबा’ लिहिलं होतं त्यानं. फोटो काढनारे लोक, थांबतीन. थांबतीन का? बैलबंडीच्या वाटेनं गेलं तं अकरा किलोमीटर वाचते. ती वाट त्यानं कागदावर घेतलीच नव्हती, तिथी पाहासारखं काई नाई म्हनून.

त्यानं बापाची गाडी भाईर काढली. अयूबभाईनं टाकीचं झाकन उघडून पेट्रोल पाहून घेतलं.

विक्कीनं हँडल धरलं. “थांब बे! पोलीस येऊन राह्यले इथी. कागद कोनाचा, कोनं काय सांगाचं, आधी ठरवू.”

“माह्या हातचा आहे म्हना,” अल्ताफनं किक मारली. “सोडा हँडल, विक्कीभाऊ. मले आता निघा लागते.”