कोथिंबीर प्यायली ते पाणी

मी कोथिंबीर बोलतेय. मेस्कितालच्या खोऱ्यातली, क्रेसेन्सियाआजीच्या वाफ्यातली. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडा, कारण मी काळ्या पाण्यावर वाढले. अख्ख्या मेक्सिको शहराच्या मोऱ्या आणि संडास डोंगराखालच्या बोगद्यातून आमच्या पाटात येतात. वास आला की आजी खुशीत ओरडायची, "आलं बाई माझं खत!"

मी पिते कशी, याचं मलाच नवल वाटतं. मला तोंड नाही. ऊन पानावर पडतं, पानातलं पाणी उडून जातं आणि त्या ओढीनं मुळाशी असलेला थेंब देठातून वर चढतो. पाणी उडतं, त्यात विरघळलेलं काहीबाही पानातच राहतं. कुणी तापासाठी घेतलेली गोळी त्याच्या अंगातून निघते, एवढा मुलूख ओलांडते आणि माझ्या पानाच्या टोकाशी येऊन बसते. ज्यांचं तोंड मी पाहिलं नाही, त्यांची दुखणी माझ्या पोटात आहेत.

दर रविवारी आजी मला खुडायची, भांड्यात बुडवून जंतुनाशकाचे थेंब टाकायची आणि जपमाळ पुरी होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. मग बारीक चिरून, कांद्याबरोबर, ती विकायची त्या मटणाच्या टाकोवर, म्हणजे मक्याच्या पोळीवर. "माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलंय? या पुढं!" असं गिऱ्हाइकांना दरडावायची.

एकदा वाफ्यात पाणी घ्यायला पाटाची फळी उचलताना तिच्या पायात काच घुसली. जखम चिघळली. डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक लागू पडेना, दुसरंही पडेना. पाय कापायच्या गोष्टी सुरू झाल्या.

आजी वाफ्याशी खुर्ची टाकून बसली होती, तेव्हा विद्यापीठातली यादिरा आली. दोन महिन्यांपूर्वी तीच माझी पानं तपासायला घेऊन गेली होती.

"आजी, तुमच्या पायाला आधी दिलेलं औषध या कोथिंबिरीत सापडलंय. कणभर."

"चल गं! मी काय गोळ्या पेरते? थेंब टाकून धुते मी. तुझ्या आईनं तुला धुतली नसेल एवढी!"

"थेंब बाहेरून धुतात. हे ती प्यायलीय."

"म्हणजे हिनंच माझा पाय नासवला म्हण की!"

"तसं मी म्हणणार नाही. पण या पाण्यात जंतूंना रोज थोडं थोडं औषध मिळतं. ते सरावतात. मग खरं औषध आलं तरी हलत नाहीत."

आजी वाकली. माझं एक पान तिनं उन्हात धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"एवढंसं पान," ती म्हणाली, "आणि अख्खं शहर प्यायलं?"

तिसरं औषध लागू पडलं. दोन बोटं गेली, पाय वाचला.

पुढच्या गुरुवारी पाटकरी इलारियोनं हाक दिली, "आजी, तुमची पाण्याची पाळी!"

"मक्याला सोड, त्याची पानं कुणी खात नाही. हिला नको."

"अहो, वाळेल ती! रविवारी लोक काय खातील?"

"नुसता कांदा खातील. मरत नाही कुणी. तू तर आधीच जाडा आहेस."

आता माझ्या मुळाशी भेगा पडल्यात. पाणी दोन हातांवरून वाहतं, मला ऐकू येतं. आजीचा राग नाही मला. मला नको म्हणता येत नाही, माणसांनो. जे पाजाल ते मी इमानानं पानापर्यंत नेईन. नको म्हणणं तुमच्याच हातात आहे, आणि ते तिनं केलं.

आज सकाळी ती लंगडत आली. हातात घरातल्या प्यायच्या पाण्याचा तांब्या. "बी धर," म्हणाली. "पुढची पेरणी टाकीतल्या पावसाच्या पाण्यावर." आणि सगळा तांब्या माझ्या मुळाशी ओतला.

मी प्यायले. थेंब चढत चढत शेंड्यापर्यंत आला. त्यात कुणाचा ताप नव्हता, कुणाचा घसा नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझ्या पानात नुसतं पाणी आलं.