चौकोन जागेवर लागेपर्यंत

कॉम्प्युटर अडखळला की सुनेला मार बसायचा. ही गोष्ट त्या घराच्या इतकी अंगवळणी पडली होती, की पडद्यावरचं वाळूचं घड्याळ जरा रेंगाळलं तरी सासूबाई हातातलं काम टाकून आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. आधी माउस आपटल्याचा आवाज यायचा, मग खुर्ची मागे सरकल्याचा, आणि मग तिसरा. तिसऱ्या आवाजाबद्दल घरात कोणी बोलत नसे.

तेव्हा घरातला कॉम्प्युटर म्हणजे अख्खं टेबल अडवून बसलेलं धूड असायचं. मागे पोट सुटलेला पडदा, शेजारी उभा पत्र्याचा डबा आणि त्या सगळ्यावर फुलाफुलांची कापडी खोळ. किती जपायचे लोक! चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचे. सासूबाईंचा मुलगा इमारतींचे नकाशे काढायचा. दिवसा कचेरीत, संध्याकाळी घरी. मोठा नकाशा उघडायला पाच मिनिटं लागली की त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

"हात लावलास तू याला," तो बायकोला म्हणायचा, आणि उत्तराची वाट न बघता हात उचलायचा.

खरं तर तिचा हात लागत होता म्हणूनच ते यंत्र चालत होतं. लग्नाआधी सून एका कचेरीत दिवसभर आकडे भरायची आणि तिथल्या आठ यंत्रांची निगा तीच राखायची. नवऱ्याला यातलं ओ की ठो कळत नसे. तो नवनवे प्रोग्राम आणून भरायचा, यंत्र सुरू होताच ते आपोआप जागे व्हायचे आणि एकमेकांच्या पायात यायचे. म्हणून दर शनिवारी, तो कामावर गेला की, सून डब्याचे स्क्रू काढायची. आतल्या पंख्यावरची धुळीची लोकर मऊ ब्रशने झाडायची. कीबोर्ड उलटा करून थोपटला की त्यातून बिस्किटाचा चुरा आणि नवऱ्याचे केस पडायचे. माउसच्या पोटातला रबरी गोळा काढून आतला मळ ती नखाने खरवडायची. मग नको त्या फायली पुसायच्या, नको ते प्रोग्राम बंद करायचे, आणि शेवटी सगळ्यात लांबणारं काम: डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एका जागी आणून लावायचे. त्याला तीन-तीन तास लागायचे.

आणि खिडकीत पहाऱ्याला सासूबाई.

"आई, तुमच्यासारखा पहारेकरी बँकेतही नसेल," सून म्हणायची.

"बँकेतला बसून झोपतो. मला बसायलाच कुठे देतेस?"

मुलगा मित्रांना सांगायचा, "मशीन कसं ठेवलंय बघा मी. लोण्यासारखं चालतं." ते ऐकून दोघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघायच्याही नाहीत, हसू फुटेल म्हणून.

सासूबाईंना यात नवं काहीच नव्हतं. त्यांच्या संसारात रेडिओ होता. लाकडी, पिवळ्या दिव्याचा, पांढऱ्या बटणांचा. गाणी काय सुंदर लागायची त्याच्यावर. अजून कधी दुपारी एखादी ओळ आठवली की त्यांचा हात आपोआप थांबायचा. पण त्यात खरखर आली की त्यांच्या नवऱ्याचा पट्टा निघायचा. एकोणीस वर्षं त्यांनी रोज सकाळी तो रेडिओ मलमलीच्या फडक्याने पुसला. मुलगा तेव्हा दारात उभा राहून अंगठा चोखत बघायचा. त्यांना वाटायचं, लहान आहे, त्याला काय कळतंय.

त्या शनिवारी सगळं वेळेत चाललं होतं. आतली सफाई झाली होती, पत्र्याचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि पडद्यावर तुकडे जुळवायचं काम सुरू होतं. शेकडो बारीक रंगीत चौकोन. एक विझायचा, दुसरा दूर कुठेतरी पेटायचा. सासूबाई पाणी प्यायला म्हणून खिडकीतून उठल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"हे काय करतायत गं?"

"जागा बदलतायत. निळे झाले की जागेवर लागले."

"माझ्यासारखेच की. मीही खोल्या बदलत बदलत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन लागले." त्यांनी स्टूल ओढलं. "तो लाल बघ, केव्हाचा नुसता उभा आहे."

"त्याला हलता येत नाही."

"कुलवंत दिसतोय. उंबरा ओलांडायचा नाही."

दोघी हसल्या. तो लाल चौकोन हलतो का ते बघत सासूबाई बसून राहिल्या. खिडकी मोकळी आहे हे त्यांच्या लक्षात आलं ते दारात किल्ली फिरल्यावर.

मुलगा एक नकाशा घरी विसरला होता. तो न्यायला आला आणि त्याला दिसला उघडा डबा, बाहेर आलेल्या वायरी, बायकोच्या हातातला ब्रश.

"कोणी उघडलं हे?"

"मीच," सून म्हणाली. "अहो, सत्तर टक्के झालंय. मध्येच बंद करू नका, नकाशे जातील सगळे."

"मला शिकवतेस?"

त्याने तिला वेणीला धरून खाली ओढलं. तिचे गुडघे फरशीवर आपटले. पहिला तडाखा कीबोर्डचा, कानावर. बटणं उडून खोलीभर पसरली. दुसरा मुठीचा. मग त्याने तिचं मनगट पकडलं.

"साफ करायची हौस आहे ना? कर."

आणि तिचा हात त्याने उघड्या डब्यात, फिरत्या पंख्यात दाबला. खट्खट्खट् असा आवाज झाला. सून किंचाळली नाही. तिच्या घशातून नुसती हवा बाहेर पडली. आतल्या पत्र्याच्या कडेने तळहात मधल्या बोटापर्यंत फाटला आणि रक्त आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवरून खाली ओघळलं.

सासूबाई स्टुलावर होत्या तशाच होत्या. हे माझ्यामुळे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी खिडकीत असते तर. मग त्यांना जाणवलं की हा विचारही जुनाच आहे. रेडिओ नीट पुसला असता तर, असा तो एकोणीस वर्षं होता. त्या वाकल्या आणि भिंतीतला प्लग त्यांनी मुठीत धरला.

"सोड तिला. नाहीतर ओढते. तुझे नकाशे जातील, ऐकलंस ना ती काय म्हणाली."

तो वळला. "आई, हात काढ."

"आधी तू काढ."

त्याने बायकोचा हात सोडला आणि आईच्या दिशेने आला. सासूबाईंनी त्याच्या डोळ्यांत बघत प्लग ओढला. पडद्यावरचे चौकोन एका ठिपक्यात गोळा होऊन विझले.

आईवर त्याने कधी हात टाकला नव्हता. आता टाकला, पाचही बोटं उघडी ठेवून, पूर्ण ताकदीने. त्यांचं तोंड टेबलाच्या कोपऱ्यावर आदळलं. जिभेवर दात सुटा लागला. दुसऱ्यांदा त्याने हात उगारला तो खाली आलाच नाही. सुनेने पत्र्याचं झाकण दोन्ही हातांनी, फाटलेल्या हातानेही, उचलून त्याच्या कोपरावर आडवं हाणलं होतं. लग्नाच्या सात वर्षांत स्वतःसाठी तिने कधी हात उचलला नव्हता. तिने पुन्हा हाणलं. हाड मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

तो भिंतीला धरून खाली बसला. हात भलतीकडेच लोंबत होता.

सासूबाई उठल्या. बोलताना तोंडातून रक्त गळत होतं आणि शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं. "घर माझ्या नावावर आहे. ती राहील. तू नीघ."

"हात तुटलाय माझा, आई."

"दवाखाना कोपऱ्यावर आहे. पाय शाबूत आहेत."

दार लावून त्यांनी वरची आणि खालची, दोन्ही कड्या घातल्या. सुनेचा हात नळाखाली धरला. मधल्या बोटाचं कातडं लोंबत होतं. शेजारची नर्सबाई येऊन टाके घालून गेली. "पडलात का?" असं तिने सवयीने विचारलं.

"माझ्या मुलाने मारलं," सासूबाई म्हणाल्या. "दोघींना. पोलिसांनी विचारलं तर सांगशील?"

नर्सबाईने होकारार्थी मान हलवली आणि दोरा तोडला.

संध्याकाळी तो परत आला. आधी बेल वाजली, मग लाथा सुरू झाल्या. सासूबाई दाराला पाठ लावून फरशीवर बसल्या होत्या. प्रत्येक लाथ लाकडातून त्यांच्या मणक्यात उतरत होती. सून आतून फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होती. सावकाश, एकेक शब्द.

मग लाथा थांबल्या. बाहेर तो दाराशी बसल्याचं कपड्यांच्या सळसळीवरून कळलं. त्याच्या आणि त्यांच्या पाठीमध्ये बोटभर लाकूड होतं.

"आई," तो म्हणाला. शाळेतून भिजून आला की म्हणायचा त्याच आवाजात. "आई, उघड ना. दुखतंय."

सासूबाईंचे हात कडीकडे उठायला लागले. त्यांनी ते मांड्यांखाली घातले आणि त्या वर सगळं अंग टाकून बसून राहिल्या.