काचेची अलीकडची बाजू

घटस्फोट दिला तर प्रीतमच्या पदरात काय पडणार होतं? काहीच नाही. त्याच्या मुकुटाला मागून पिना लावता लावता कीर्तीनं हा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहिला, आणि उत्तर पुन्हा तेच आलं. दिला नाही तर मात्र मुकुट होता, निळा अंगरखा होता, आणि दर मुहूर्ताला हॉलभर टाळ्या होत्या. शहाणा माणूस सही कशाला करील?

"कागद आणलायस?" तिनं विचारलं.

"बॅगेत आहे. सीझन संपू दे गं. आणि जरा सैल लाव, मान आखडते."

दोन वर्षं ती हेच ऐकत होती. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू व्हायचा. तो आटपतोय म्हणेपर्यंत अक्षय्य तृतीया यायची. मग साखरपुडे, मग गोदभराया. जगाची लग्नं लागायची थांबत नव्हती, म्हणून या दोघांचं मोडत नव्हतं.

याला कारण एक मालिका. परग्रहावरचा राजकुमार अंबरजीत आणि पृथ्वीवरची इरा. त्यांच्या दोन दुनियांमध्ये एक पारदर्शक भिंत. रोज रात्री दोघं दोन बाजूंनी भिंतीला तळवे लावून उभी राहायची, आणि अख्खं उल्हासनगर ताटातली भाजी गार करून त्यांच्याकडे बघत बसायचं. मालिका संपली; जोडी लोकांच्या मनातून उतरली नाही. लग्नात नाचगाण्याचे कार्यक्रम पुरवणाऱ्या सोनियानं त्यातला धंदा बरोबर ओळखला. प्रीतमचं नाक अंबरजीतसारखं होतं, कीर्तीचे डोळे साधारण इरासारखे. उरलेलं काम रंगानं आणि धुरानं केलं.

सोनियाचं खरं भांडवल मात्र नाकडोळ्यांत नव्हतं. "रिअल लाइफमें भी पती-पत्नी" हे वाक्य ती माइकवर टाकायची आणि समोरच्या बायका दोघांवरून कडाकडा बोटं मोडायच्या. नवरीच्या आया कीर्तीचा हात धरून मुलीच्या डोक्यावर ठेवायच्या. शकुन म्हणून. घटस्फोट झालेल्या इराचा हात कोण ठेवून घेणार? कीर्तीच्या बदलापूरच्या खोलीचं भाडंही त्याच शकुनातून निघत होतं. म्हणून ती आईपाशी बदलापुरात, तो त्याच्या आईपाशी बुवापाड्यात, आणि दोघं नवरा-बायको व्हायला तेवढी उल्हासनगरात भेटायची.

प्रीतम वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. फक्त मुकुट घातल्यापासून त्याला गोदामातली नोकरी टोचायला लागली, आणि शो हाच त्याचा देव झाला. कीर्तीचे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा तिचा मोबाइल, नेहमीप्रमाणे, त्याच्या अंगरख्याच्या खिशात होता. फोन आला तो धूर सोडायच्या आधी. त्यानं तो दिला शो संपल्यावर. वडील गेलेत हे माहीत असलेल्या माणसाच्या मिठीत ती माहीत नसताना हसत उभी होती. तिनं भांडण केलं नाही. दहाव्यानंतर परत बुवापाड्याला गेलीच नाही.

आजचा हॉल उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. स्टेजवर थर्माकोलची कमान, मधोमध काच. म्हणायची काच; होतं ते जाड ॲक्रिलिक, दोन पुरुष लागायचे उचलायला. तिच्या दोन्ही अंगांना प्लायवूडची उभी खोकी, एकेका माणसापुरती, प्रेक्षकांच्या बाजूनं उघडी. शोआधी दोघं आपापल्या खोक्यात शिरून आपापल्या बाजूनं काच पुसायची. मग बाहेरून पाठीमागची फळी लागायची. नंतर धूर, गाणं, तळव्याला तळवा. आणि स्टेज सांभाळणाऱ्या रघुकाकांनी दोर ओढला की काच वर, मिठी, आणि वर गेलेल्या काचेखालून खरी नवरा-नवरी स्टेजवर.

रघुकाकांनी दोर ओढला. काच वीतभर उचलली आणि अडकली.

गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं. दोर कप्पीवरून उतरला होता. कीर्ती तळवा लावून उभी राहिली. पाठीला फळी, नाकासमोर काच, पायाशी धूर. पलीकडे प्रीतमचा निळा तळवा तिच्या तळव्यावर बरोबर बसला होता, आणि मुकुटाखालून घामाचा ओघळ त्याच्या भुवईत उतरत होता. तो डोळ्यांनी विचारत होता, आता काय? आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं तिला हे विचारलं होतं.

गाणं तिसऱ्यांदा लागलं तसा कीर्तीनं हात काढून घेतला. ठरवून नव्हे. खांद्यात कळ आली, हात खाली आला, तो परत वर न्यावा असं वाटेना. दोन्ही हात अंगालगत सोडून ती उभी राहिली. वडील गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर राहिली होती तशी. प्रीतमचा हात काचेवर तसाच होता. डोळ्यांतून पाणी कधी आलं, तिला कळलंही नाही.

पुढच्या रांगेत नवरीची नानी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मागोमाग सगळी रांग.

रघुकाकांनी फळ्या काढून दोघांना बाहेर घेतलं, तेव्हा मेकअपच्या खोलीत सोनिया हसतच आली.

"अबसे ऐसाच करायचं," ती म्हणाली. "काच उचलायचीच नाही. मिठी तो सब देते हैं. नानीला बघितलंस? चार जणांनी तर आत्ताच नंबर घेतला."

प्रीतम एकेक पिन काढून टेबलावर ठेवत होता. "मग नवरा-बायको कशाला पाहिजेत?"

"मतलब?"

"मिठीच नाय तर मी काय, दुसरा काय. आम्ही नाय राहिलो नवरा-बायको. दोन वर्षं झाली. ही बदलापूरला असते."

कीर्ती आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. सोनियानं खुर्ची ओढून घेतली.

"मला माहीत नव्हतं असं वाटलं तुला? मी जोड्या विकते रे. दोन वर्षं एकाच टिफिनमधून खाल्लं नाही तुम्ही." तिनं बोटांवर काहीतरी हिशेब केला. "पण तू बोलायला नको होतं. आता कुणी विचारलं तर मी माइकवर खोटी पडते. रडायला इराच पाहिजे. राजकुमार..."

"कोणपण चालतो," प्रीतम म्हणाला. "माहितीये."

त्यानं बॅगेतून कागद काढला. दोन वर्षं सांगत होता आणि खरंच तो बॅगेतच होता. कडा मऊ पडल्या होत्या. त्यानं सोनियाकडे पेन मागितलं.

"सीझन संपला नाही अजून," कीर्ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"हात काढलास ना, ती ॲक्टिंग नव्हती." सही करून त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला. "पुढचा शो परवा आहे. त्याच्या आधी देऊन टाकतो. त्या फोनसारखं शो संपल्यावर नको."

अंगरखा त्यानं व्यवस्थित घडी करून ठेवला. कानामागे निळा रंग राहिला होता. इतकी वर्षं कीर्ती तो पुसून द्यायची. आज तिनं सांगितलं नाही, आणि तो तसाच रिक्षाच्या रांगेकडे गेला.

परवाच्या शोला सोनियानं सनीला आणलं. बावीस वर्षांचा, जिममध्ये दंड फुगवलेला, तोंडात वेलची. मुकुट त्याला जरा मोठाच होत होता. सोनियानं माइकवरचं जुनं वाक्य गाळलं आणि नवं टाकलं. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या तारखा तिनं कीर्तीला न विचारताच देऊन टाकल्या होत्या. कीर्तीच्या पर्समध्ये सही केलेला कागद होता, आणि तरी पाठीला फळी लागायचीच होती.

कीर्ती खोक्यात शिरली. जुन्या साडीच्या फडक्यानं तिनं आपली बाजू पुसायला घेतली. मधोमध एक निळा तळवा उमटलेला होता. ती घासत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, तो पलीकडच्या बाजूनं होता.

"दीदी, हाथ किधर रखने का?" पलीकडून सनीनं विचारलं. काच पुसायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोनियाला नवा खेळ मिळाला, सनीला मुकुट, कीर्तीला सही. ज्याच्या पदरात काहीच पडणार नाही असं तिनं मांडलं होतं, सगळ्याचं बिल त्यानं एकट्यानं चुकतं केलं होतं.

"तिथंच," ती म्हणाली, आणि आपला हात लावला.

सनीचा तळवा आखूड होता. प्रीतमच्या ठशाची निळी बोटं वर तेवढी उरली.