पहिला गुलाल

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आकाराम पहाटे म्हशी पिळायचा आणि संध्याकाळी अनवाणी पायांनी गोलात उभा राहायचा. पैशाबियशाची भानगड नव्हती. खेळायचं ते पेठेच्या नावासाठी. त्याचे हात घरच्या दुधावर पोसलेले आणि चांगले पसरट होते. चेंडू त्या पंजात आला की रुतून बसायचा. तालमीतली पोरं म्हणायची, ‘‘आकारामच्या हातातनं सुटंल ती फकस्त म्हशीची धार!’’

त्याचे वडील गणपतराव, म्हणजे आबा, दर सामन्याला त्याच्याच गोलखांबाशी उभे राहत. खांद्यावर घोंगडं आणि धोतराच्या सोग्यात जोतिबाच्या डोंगरावरून आणलेला गुलाल. तालीम जिंकली की पहिली मूठ आबांनी उधळायची आणि मग बाकीच्यांनी, असा मान होता. तालमीचे वस्ताद सयाजी नाईकसुद्धा आबांच्या आधी गुलालाला हात लावत नसत. आबांना आयुष्यात दुसरं काही मिळालं नव्हतं, पण हा मान मिळाला होता आणि तो त्यांनी जिवापाड जपला होता.

त्रेपन्न सालच्या अंतिम सामन्यात दोन्हीकडे गोल नव्हता. बरोबरी झाली तर ढाल गेल्या सालच्या विजेत्यांकडे, म्हणजे मंगळवारातच राहणार होती. वेळ संपत आली, तशी पेठेतली माणसं हलग्या घेऊन मधल्या रेघेकडे सरकली. गोलखांबाशी एकटे आबा उरले.

तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली. मारली होती ती फाउलची. पण आबा सकाळपासून ज्या शिट्टीची वाट बघत होते, ती त्यांना ऐकू आली. त्यांनी जोतिबाच्या दिशेला तोंड केलं, डोळे मिटले आणि ‘‘चांगभलं!’’ म्हणत मूठ उधळली.

वारा समोरून होता. सगळा गुलाल उलटून मागं उभ्या आकारामच्या डोळ्यांत गेला. आग आग झाली. त्याच वेळी समोरच्याने फाउलचा चेंडू मारला. अगदी साधा, घरंगळत आलेला चेंडू. आकारामनं अंदाजानं हात घातले, चेंडू मनगटाला घासून आत गेला.

खेळ पुन्हा सुरू झाला न झाला तोच खरी शिट्टी वाजली आणि पलीकडच्या पेठेचा गुलाल सगळ्या मैदानावर पडला. आता सगळेच लाल. कुणाच्या तोंडावर कुणाचा गुलाल हे कोण बघतंय?

सयाजी वस्ताद तरातरा आले. ‘‘आंधळा हाईस काय रं? बाळानं धरला असता त्यो बॉल!’’

आकारामनं लाल डोळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा मोकळ्या सोग्याकडे बघत उभे होते. एक शब्द बोलला असता तर आकाराम सुटला असता. पण मग पेठेनं म्हाताऱ्याला जिता ठेवला नसता. निदान त्याचा मान तरी नक्कीच नाही.

‘‘चुकलं माझं,’’ आकाराम म्हणाला.

‘‘मग उद्यापास्नं तालमीची पायरी चढू नगंस.’’

झालं. ज्याच्यावर जीव टाकला ते एका वाक्यात संपलं. पेठेतल्या दूधविक्रीच्या कट्ट्यावर दूध घालताना गिऱ्हाईक म्हणायचं, ‘‘भांडं दोन्ही हातांनी धर रं बाबा, सुटंल!’’ लोक हसायचे, तोही हसायचा. पेठेची जीभ मोठी वाईट. एकदा माणूस चघळायला घेतला की चोथा होईपर्यंत सोडत नाही. संध्याकाळी मैदानाकडून हलगी ऐकू आली की तो गोठ्यात जाऊन उगाच शेण सारवत बसायचा. त्याची आई बनाबाई दारातून बघायची आणि डोळ्यांना पदर लावून आत जायची.

आबांनी त्या दिवसापासून मैदान सोडलं, गुलालही आणला नाही. मुलाशी बोलणं म्हणजे ‘‘वैरण टाकलीस का’’ एवढंच. आकारामला वाटायचं, पेठेसारखाच बापही आपल्यावर रागावला आहे. आणि ज्यांच्यासाठी हे सोसलं त्यांनीच तोंड फिरवावं, हे त्याला फार लागायचं. कित्येकदा खरं काय ते ओठांवर यायचं. तो गिळायचा.

चार-पाच वर्षांनी आबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी आकारामचा हात धरला.

‘‘आकाराम, खरं सांग. त्या दिशी तुला बॉल दिसला न्हवता न्हवं?’’

म्हातारा रागावला नव्हता तर. इतकी वर्षं हे एवढंच विचारायला भीत होता.

‘‘दिसला हुता की, आबा.’’

‘‘डोळ्यांत काय गेलंतं का?’’

‘‘काय न्हाय. हातातनं सुटला. चूक माझीच.’’

आबांनी मोठा श्वास सोडला. ‘‘मग बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या जिवाला उगंच घोर लागलाता बघ.’’ आणि मग, बापाच्या हक्कानं, ‘‘लई सोपा बॉल हुता रं, लेका.’’

‘‘व्हय, आबा.’’

त्या रात्री आबा निवांत झोपले. आकाराम मात्र तळमळत राहिला. आता सांगायला जगात कुणी उरलं नव्हतं.

आठवडाभरात आबा गेले. सगळी पेठ लोटली. तिरडी बांधून झाल्यावर सयाजी वस्तादांनी गुलालाचं ताट पुढं केलं. ‘‘पयला मान तुझा. उधळ.’’

आकारामनं मूठ भरली आणि तो तसाच उभा राहिला. माणसं खोळंबली. ‘‘उधळ की रं!’’ मागून कुणीतरी ओरडलं.

आकाराम खाली वाकला. डावा पसरट पंजा त्यानं आबांच्या मिटलेल्या डोळ्यांवर आडवा धरला आणि मगच उजव्या हातानं त्यांच्या कपाळावर हळूच गुलाल सोडला.