दुसरी वही

"दादा, पुन्हा एकदा बघा ना. शर्टाच्या कोपराला रफू आहे, मीच केलंय, निळ्या दोऱ्यानं."

नऊ वर्षं झाली, पण मयत चौकशी कार्यालयातल्या थोरल्या कारकुनाच्या कानातून तो आवाज हलायला तयार नव्हता. पिशवी छातीशी धरून त्या मावशी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यानं बेवारस मयतांची वही उघडली, पानांवरून बोट फिरवलं आणि सांगून टाकलं, "नाही मावशी, तुमचा मुलगा इथं नाही."

आज त्याच बाकावर सर्वेक्षणवाली मुलगी बसली होती. अशा सगळ्याच कार्यालयांची पाहणी चालली होती. तिच्या मांडीवर चौदा पानी प्रश्नावली.

"कर्मचारी किती, काका?"

"काम करणारे विचारतेस, की खुर्चीला चिकटलेले?"

ती हसली. "शीतपेट्या?"

"सहा. चार चालतात. दोन साहेबांसारख्या, नुसत्या घुरघुरतात."

"ओळख न पटलेले मयत, दहा वर्षांतले?"

"शून्य."

तिचं पेन थांबलं. "शून्य कसं, काका? कालच्या कार्यालयात एकशे बारा होते."

"आमची रीत आहे. तीन महिने वाट बघायची, मग पुरायला द्यायचं. दिलं, की या वहीतली नोंद खोडायची आणि 'ताब्यात दिले'च्या वहीत चढवायची."

"कुणाच्या ताब्यात?"

"मातीच्या."

"मग कुणी शोधत आलं, तर कुठली वही बघता?"

मावशी आल्या त्या दिवशी त्यानं एकच वही पाहिली होती. दुसरी उघडली ती आठवड्यानं, भलत्याच कामासाठी. तिथं त्याच्याच वळणदार अक्षरात ते निळं रफू बसलेलं. मावशी यायच्या चारच दिवस आधी पोराला माती मिळाली होती. घरात बायको अंथरुणाला खिळलेली, नोकरीवर गदा आली तर खायचं काय? आज कळवू, उद्या कळवू. दिवसामागून दिवस गेले, केसांमागून केस पिकले.

"काका, शून्यच लिहू?"

"नको. थांब जरा."

त्यानं फोन जवळ ओढला. मावशींचा नंबर पाठ होता. कितीदा तरी फिरवून, घंटा वाजायच्या आत ठेवून दिलेला. आज वाजू दिला.

"कोण बोलतंय?"

"मावशी, मयत चौकशीतून बोलतोय. तुम्ही आला होतात ना, तेव्हा तुमचा मुलगा आमच्याच वहीत होता. मी नीट बघितलं नाही. नंतर कळलं, तरी तुम्हाला सांगितलं नाही."