मी सुट्टीवर आहे

आमच्या कंपनीत प्रत्येक पायलटला नाव असतं, पण चालतो तो नंबर. नोकरीला लागलात की ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली तुमचं नाव येतं. वरचा कुणी निवृत्त झाला की एक नंबर वर सरकता. विमान कोणतं, मुक्काम कुठला, नाताळ घरी की ओमाहाच्या हॉटेलात, सगळं त्या नंबरावर ठरतं. मार्गिट सॉल्बर्गचा नंबर अकराशे एक्क्याण्णव. माझा अकराशे नव्वद. आम्ही एकाच दिवशी लागलो होतो, पण मी तिच्याहून चार महिन्यांनी मोठा, म्हणून एक पायरी वर. यादीत एकंदर बाराशे चार जण होते.

डेट्रॉइट विमानतळाजवळ रोम्युलसमध्ये आम्ही नऊ सहवैमानिक एका भाड्याच्या घरात राहत होतो. राहत होतो म्हणजे झोपत होतो. कुणाचंच घर तिथं नव्हतं. माझी बायको लिनेट टेनेसीत, नॉक्सव्हिलला. मार्गिटचं सगळं मिनेसोटात, बमिजीला. सुट्टी लागली की एखाद्या विमानात रिकामी जागा मिळेल का ते बघत बसायचं, आणि ती जागासुद्धा ज्याचा नंबर वर त्याला आधी.

बरं, सुट्टी लागली म्हणजे ती आपलीच, असंही नव्हतं. कुठे माणूस कमी पडला की फेऱ्या लावणारे शेड्युलिंगवाले यादीच्या तळापासून फोन लावत सुटायचे. जो फोन उचलेल त्याच्या गळ्यात ती फेरी. करारातच तसं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही त्याला सक्ती म्हणायचो, आणि त्यावर आमचा एकच उपाय होता: फोन उचलायचाच नाही. कुणी सुट्टीत फोन गाडीच्या डिकीत टाकून ठेवायचा. कुणी विमानातून उतरताना युनिफॉर्मवर जाकीट चढवायचा आणि सामानवाल्यांच्या जिन्याने पळायचा, कारण दारात कागद घेऊन कुणी उभं असलं तर तेही फोन उचलल्यासारखंच.

मार्गिटही लपायची. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी शेड्युलिंगचा माणूस दारात दिसला म्हणून ती बायकांच्या टॉयलेटमध्ये चाळीस मिनिटं बसून राहिली. आम्ही दोघं बसने घरी येत होतो तेव्हा तिने मला ते सांगितलं.

"एल्डन, आज मी सत्तर माणसं घेऊन बर्फाच्या वादळातून खाली उतरले," ती म्हणाली. "आणि मग जाऊन संडासात लपले. शाळेतल्या पोरीसारखी. पाय वर घेऊन."

मी हसलो. ती हसली नाही.

फेब्रुवारीत तिच्या गावच्या कर्लिंग क्लबचे सामने होते. बमिजीत हा बर्फावर दगड सरकवायचा खेळ पोरं चालायला लागण्याआधी शिकतात. मार्गिट चौघींच्या संघाची कप्तान होती. तीन दिवसांची सुट्टी तिने नोव्हेंबरमध्येच मागून घेतली होती आणि ती मंजूरही झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, दोन दगड टाकायचे बाकी असताना, तिच्या खिशातला फोन वाजला. शेड्युलिंगचा डॅरेल.

तिने तो उचलला.

ते संभाषण मला तोंडपाठ आहे, कारण शेड्युलिंगचे सगळे फोन रेकॉर्ड होतात आणि पुढे ते बऱ्याच जणांनी ऐकलं.

"मार्गिट? अरे वा, उचललास की. मला वाटलं तुझाही बंदच असणार. तुझ्या खालचे तेराही जण लागत नाहीत. ऐक, स्क्रँटनची दोन दिवसांची फेरी आहे, तुला लावतोय. मिनियापोलिसवरून दुपारी डेट्रॉइटला ये."

"नाही, डॅरेल."

"नाही म्हणजे? आजारी आहेस का?"

"नाही."

"थकलीयस? थकलीयस म्हणालीस तर मी तसं लिहितो, विषय संपला."

"छान झोप झालीय माझी. मी थकलेली नाही. मी सुट्टीवर आहे."

मागून बर्फ घासणाऱ्या झाडूंचा आवाज येत होता आणि कुणीतरी बाई तिला हाका मारत होती. मग डॅरेल हळूच म्हणाला, "मार्गिट, मला हे असंच्या असं लिहावं लागेल."

"असंच्या असंच लिही. स्पेलिंग सांगू का?"

तिने फोन ठेवला आणि दगड टाकला. तो सामना त्या हरल्या, हेही सांगून टाकतो.

इकडे ती नाही म्हणाल्यावर डॅरेलने पुढचा नंबर लावला. माझा. त्या दिवशी नॉक्सव्हिलला आम्ही घर बदलत होतो. ट्रकवाला रस्ता चुकला होता, म्हणून माझा फोन सुरू होता, आणि घाईत नंबर न बघताच मी उचलला. लिनेट जिन्यात सोफ्याचं एक टोक धरून उभी होती. मी फोन ठेवला तेव्हा तिने विचारलंही नाही. नुसतं सोफ्याचं टोक खाली ठेवलं आणि म्हणाली, "जा. मी माझ्या भावाला बोलावते."

दोन दिवस स्क्रँटन करून मी रोम्युलसला आलो. मार्गिट स्वयंपाकघरात अंडी तळत होती. माझ्या डोक्यात आगच होती.

"तू नाही म्हणालीस म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं," मी म्हणालो. "तुझा खेळ होता. माझं घर होतं."

"माहीत आहे. वाईट वाटलं मला."

"वाईट वाटून काय उपयोग? तुला हिरो व्हायचं होतं, सोफा माझ्या बायकोने उचलला."

तिने गॅस बंद केला. "एल्डन, एक विचारू? तू हो का म्हणालास?"

"का म्हणजे? करारात आहे. नोकरी जाईल."

"तू घर बदलत होतास हे डॅरेलला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

खरं सांगायचं तर डॅरेलला काही सांगावं असं मला सुचलंच नव्हतं. तीन वर्षांत मी फक्त लपायला आणि सापडलो की मान डोलवायला शिकलो होतो. मी तिच्या हातची अंडी न खाता जाऊन झोपलो. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात मुख्य वैमानिक ग्रेडी व्हिटकॉम यांनी तिला बोलावलं. युनियनतर्फे कॅप्टन हॅल ड्रेसलर तिच्याबरोबर होते. नंबर अडतीस, तेहतीस वर्षांची नोकरी. बाहेरच्या बाकावर तिने सोबतीला मला नेलं होतं, आणि मी गेलो होतो. राग होता तरी गेलो.

"सोपं आहे," ड्रेसलर तिला म्हणाले. "आत जायचं आणि म्हणायचं, त्या दिवशी पोट बिघडलं होतं, लाजेपोटी सांगितलं नाही. ग्रेडीला पण हे मिटवायचंच आहे. पाच मिनिटांत बाहेर."

"पण पोट बिघडलं नव्हतं, हॅल."

"अगं, ते मलाही माहीत आहे, त्यालाही माहीत आहे."

"मग तिघांनी मिळून खोटं कशाला बोलायचं?"

ड्रेसलरनी चष्मा काढून पुसला. "मार्गिट, हे आम्हीही सोसलंय. माझी थोरली जन्मली तेव्हा मी सक्तीच्या फेरीवर बफेलोत होतो. तू पण दहा वर्षं सोस, मग वर गेलीस की कुणी फोन करणार नाही."

"तुमच्या वेळी आठ वर्षांत माणूस कॅप्टन व्हायचा. मला अठरा लागतील," ती म्हणाली. "आणि लागली नसती तरी. तुम्ही बफेलोत होतात याचं तुम्हाला वाईट वाटतं ना? मग मी का जाऊ?"

आत तिने रेकॉर्डिंगमध्ये होतं तेच पुन्हा सांगितलं. व्हिटकॉमनी विचारलं, पुन्हा फोन आला तर काय करशील? ती म्हणाली, उचलेन. आणि सुट्टीवर असेन तर सुट्टीवर आहे असं सांगेन. तीस दिवस बिनपगारी घरी बसवलं आणि फाइलमध्ये पत्र लागलं. पण तिचा नंबर एका पायरीनेही खाली करता आला नाही. त्या यादीला हात लावायची ताकद व्हिटकॉमकडेही नव्हती. ज्या यादीने तिला तळाला दाबलं होतं तिनेच तिथं तिला धरून ठेवलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चल, कुठेतरी पॅनकेक खाऊ. महिनाभर फोन येणार नाही."

फोन मला आला. ती घरी बसलेली असताना मार्चमध्ये एका शनिवारी, लिनेट आणि मी नव्या घराच्या मागे कुंपण रंगवत होतो. पडद्यावर शेड्युलिंगचं नाव दिसलं. लिनेटने ते पाहिलं आणि ब्रश डब्यात ठेवला. मी फोन उचलला.

"डॅरेल, मी सुट्टीवर आहे."

तो उसासा टाकून म्हणाला, "तू पण?"

"मी पण."

मला दहा दिवसांची शिक्षा झाली. माझ्यानंतर आमच्या घरातल्या आणखी दोघांनी तेच केलं. मग ज्यांची आम्हाला ओळखही नव्हती असे लोक. एप्रिलअखेर एका रविवारी डॅरेलने एकोणतीस फोन लावले, एकोणतीसही उचलले गेले, आणि प्रत्येकाने तेच वाक्य ऐकवलं. त्या दिवशी अकरा विमानं उडाली नाहीत. कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं की हा संगनमताने पुकारलेला बहिष्कार आहे आणि तो बेकायदा आहे. व्हिटकॉमनी मार्गिटला पुन्हा बोलावून विचारलं, हे तू घडवलंस का?

"मी कुणालाही काही सांगितलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. मला तिने एक प्रश्न विचारला होता, तेवढंच. "आम्ही पूर्वी फोन उचलत नव्हतो, तेव्हा तुमची तक्रार नव्हती. आता उचलतो."

मे महिन्यात कंपनीने बोलणी सुरू केली आणि जूनमध्ये ड्रेसलर मसुदा घेऊन आले. रोम्युलसमधल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सभा होती. दीडशेच्या वर लोक, पंखे नावाला. ड्रेसलर खुशीत होते. ज्यांची तीन वर्षं झाली आहेत त्यांना यापुढे सक्ती नाही. कधीच नाही. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. माझी तीन वर्षं चार महिने झाली होती. मार्गिटचीही. मी लिनेटला तिथूनच मेसेज पाठवला: सुटलो.

मग मार्गिट उभी राहिली. "आणि ज्यांची तीन वर्षं झाली नाहीत?"

"त्यांना जसं आहे तसं."

"जसं आहे तसं कसं? ज्यांना फोन येतात ते आम्ही तीनशे जण बाजूला झालो, तर ते सगळे फोन त्यांनाच जाणार. महिन्याला दोन सक्त्या होत्या, त्या पाच होतील."

"त्यांचीही तीन वर्षं होतील की," ड्रेसलर म्हणाले. "मार्गिट, हे तुमच्यासाठीच भांडून आणलंय. तुझ्यासाठी. आता तरी हो म्हण."

हॉलच्या मागच्या भिंतीशी त्या वर्षी लागलेले तीसेक जण उभे होते. ती त्यांच्याकडे वळली नाही, ड्रेसलरकडेच बघत राहिली.

"बमिजीत बसून मी नाही म्हणाले, तेव्हा फोन एल्डनला गेला," ती म्हणाली. "त्याच्या बायकोने एकटीने घर हलवलं. ते माझ्यामुळे झालं आणि ते मला अजून टोचतं. आज तुम्ही म्हणताय, तेच कायमचं करू, लिहून देऊ, फक्त एल्डनच्या जागी या मागच्यांना बसवू. मी याच्या विरुद्ध मत देणार आहे."

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तुला काय जातंय? आमच्या घरी पोरं आहेत."

"यांच्याही घरी असतील," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी माझ्या फोनकडे बघितलं. लिनेटचं उत्तर आलं होतं, तीन हृदयं. घरी जाऊन तिला समजावून सांगायला मला अख्खा रविवार लागला. ती शेवटी म्हणाली, "तो सोफा कोणी उचलला हे ती अजून लक्षात ठेवून आहे, असं म्हणालास ना? मग दे जा मत तिच्या बाजूने."

मसुदा एकोणपन्नास मतांनी पडला. आमच्याच तुकडीतल्या कितीतरी लोकांनी मार्गिटशी बोलणं सोडलं. घरातले दोघे दुसरीकडे राहायला गेले, भाडं सात जणांत वाटायला लागलं. ड्रेसलर जेवणाच्या खोलीत तिला बघून टेबल बदलायचे. मधल्या आठ महिन्यांत सक्ती चालूच राहिली, आणि आम्ही फोन उचलत राहिलो, शिक्षा घेत राहिलो. एका हवाई मालवाहतूक कंपनीने तिला बोलावलंही होतं. तिथे गेली असती तर पुन्हा अगदी तळापासून सुरुवात. ती गेली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत दुसरा मसुदा आला. कुणालाही, पहिल्या दिवसापासून, महिन्यात एकच सक्ती, आणि तिच्या बदल्यात हवी ती एक सुट्टी परत. तो मोठ्या फरकाने मंजूर झाला. मार्गिटच्या फाइलमधलं पत्र काढा, अशी मागणी युनियनने केली होती, ती कंपनीने मानली नाही. ते पत्र अजून तिथे आहे. ड्रेसलर वसंतात पासष्टचे झाले आणि निवृत्त झाले, त्यांच्या खालचे आम्ही सगळे एकेक नंबर वर सरकलो. त्यांच्या जागी डेट्रॉइटच्या पायलटांनी मार्गिटला निवडून दिलं. कॅप्टन नसलेली माणसं त्या खुर्चीवर फारशी बसत नाहीत.

तिच्या पहिल्याच सभेत मागून एक मुलगी उभी राहिली. नंबर बाराशे एकसष्ट, नोकरीला सात आठवडे. म्हणाली, "माफ करा, पण मला कळत नाहीये. महिन्यात एकसुद्धा सक्ती का मान्य केलीत?"

पुढच्या दोन रांगांतून लोक वळून तिच्याकडे बघायला लागले. मीही वळलो. मनात म्हणालो, हिला काय माहीत आम्ही काय सोसलंय. आणि ते म्हणताना मला ड्रेसलर चष्मा पुसताना दिसले.

मार्गिट तिच्याकडे बघत होती. "कारण त्याहून जास्त मला मिळवता आलं नाही," ती म्हणाली. "तुझं नाव काय? कंपनीशी पुढच्या बोलण्यांना बसायला किती दिवस सुट्टी काढू शकशील?"